फुली

स्टेशन रोडला निसारभाईच्या सायकल दुकानात
पाण्याच्या घमेल्याभोवती बसून आम्ही पाचजण
विलायतेचं सरकार पाडत होतो.

निमित्त एवढंच की दादारावची सुकेशनी
डर्बीच्या दवाखान्यात नर्स आहे
आणि तिला तिथं मत आहे.
"पासपोर्ट आपला, अन् मत तिकडचं?"
"राहते ना मी इथं, म्हणून."
तुळशीराम मधेच म्हणाला,
मी अकरा वर्षं पुण्यात विटा वाहिल्या,
मला कामून नव्हतं मग?
ह्यावर अर्धा तास गेला. उत्तर निघालं नाही.

उलट्या केलेल्या सायकलीच्या चाकात फोन अडकवलेला,
स्पीकर चालू.
सुकेशनी रात्रपाळीहून आलेली, आवाज बसलेला,
दाराच्या फटीतून पडलेली पत्रकं वाचून दाखवत होती.
लालवाले म्हणतात, दवाखान्यातली रांग कमी करू.
"किती हाय रांग?"
गुडघ्याला चौदा महिने, काका.
"आँ? मग आपलं परभणीचं सिव्हिल काय वाईट!"
निळेवाले कर कमी करणार.
दादाराव सरसावून बसला, "निळा म्हणजे आपला का गं?"
नाही बाबा. इथला निळा निराळा.
"अन् हिरवा?" निसारभाईनं मान वर न करता विचारलं.
झाडांचा आहे, भाई.

नद्यांत घाण सोडतात म्हणे तिथं पाण्याच्या कंपन्या,
बिल मात्र वाढवतात.
आमचे नळ नवव्या दिवशी येतात,
तरी त्या नद्यांसाठी आम्ही मनापासून हळहळलो.
पुढारी कसे आहेत, हे चिंचाणे सरांना हवं होतं.
एक हसतो फार. एक घड्याळ बघत बोलतो.
"घड्याळवाल्याला दे," सर म्हणाले,
"त्याला वेळ संपते हे तरी ठाऊक आहे."

मग तिनं चौथं पत्रक वाचलं.
त्याच आवाजात, घसा न खाकरता:
बाहेरून आलेल्यांना परत पाठवा.
निसारभाई ट्यूबवर कानस घासत होता.
हात थांबला.
"बाहेरून आलेले म्हंजे कोण, बेटा?"
आम्हीच की, भाई.
तो काही बोलला नाही.
ट्यूब पाण्यात दाबली
आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघत राहिला.
चिंचाणे सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
एरवी पत्रकाचं नाव विचारलं असतं त्यांनी.

तसं पाहिलं तर आमच्याच नगरपालिकेला
बावीस दिवस राहिले होते.
समोरच्या खांबावर तीन फ्लेक्स, एकावर एक,
वरच्याच्या फाटक्या कानातून खालच्याचा डोळा दिसायचा.
त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
रस्त्यानं कोण जातं, कुणाला जाऊन सांगतं,
निसारभाईची टपरी कुणाच्या जागेवर आहे,
दादारावच्या पोराचं रोजंदारीचं नाव कुणाच्या वहीत,
हे सगळ्यांना पाठ होतं.
डर्बीला मात्र आम्ही तोंड भरून शिव्या दिल्या.
बरं वाटलं.

"शाई कुठल्या बोटाला लावतात गं?"
शाई नसते. पेन्सिल देतात, दोरीला बांधलेली.
ज्याला मत द्यायचं त्याच्यापुढं फुली मारायची.
"फुली?" सर उठूनच बसले.
"अगं, फुली चुकलेल्याला मारतात!
छत्तीस वर्षं मी हेच शिकवलं."
इथं उलटं आहे सर. हवा त्याला फुली.
"मग नको त्याचं काय करतात?"
काही नाही. तसाच सोडतात.

कुणाला देणार, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.
बापालाही नाही. दादाराव रुसल्यासारखा झाला,
मग फोन बंद झाल्यावर म्हणाला,
"शिकली, बरं झालं."

संध्याकाळी निसारभाईनं ट्यूब कोरडी केली,
कानामागची पेन्सिल काढली
आणि जिथून हवा जात होती तिथं
बारीकशी
एक फुली मारली.