एकोणतीस

दिवाळीपर्यंत आम्ही तीस होतो.
कवायतीला पाच-पाचच्या सहा रांगा,
डबा खायला तिघातिघांची टोळकी,
बाकी शून्य.
(चारांनी मात्र कधी जमलं नाही.)

मग इरावती चौबळ
अलकापुरीतल्या इंग्रजी शाळेत गेली.

आता दांडिया बाजारच्या मैदानात
मुजुमदारबाई शिट्टी वाजवतात,
दोन-दोन करून बघतात,
तीन, पाच, सहा, सात,
दर खेपेला कुणीतरी उरतंच.
बहुतेक वेळा मी.

शेजारचा केयूर त्याच्या गुजराती पुस्तकातून सांगतो,
अशा संख्येला म्हणायचं अविभाज्य.
आमच्या पुस्तकात लिहिलंय, मूळ.

शेवटी बाई म्हणाल्या,
एकच रांग करा.

केली.
पार फाटकाबाहेर गेली.
सेवउसळवाल्यानं पळी तशीच धरून
शेवटपर्यंत मोजली.