मुश्नी परत फिरतो

रात्री गोठलंच नाही.
मुश्नी काठी टेकवतो, ती मुठीपर्यंत आत जाते,
भिजल्या पिठात बोट जावं तशी.

स्वानेतीतला एप्रिल, पहाटेचे साडेपाच.
माझ्यामागे चौघे, वॉर्सातून आलेले,
स्कीच्या फळ्यांना मेण लावून तयार.

तो वर बघतो. बराच वेळ.
काळ्या खडकाखालून गोळे सुटलेत,
घरंगळता घरंगळता सतरंजीच्या वळकटीएवढे,
प्रत्येकामागे एक ओघळ.
कड्याच्या ओठावर वाऱ्यानं काढलेली बर्फाची पडवी,
तिच्या मुळाशी भेग.
काल नव्हती.

आणखी एक पाऊल, आणि
हुंफ्.
माळ्यावरून जाड गोधडी पडावी तसा आवाज,
फक्त पायाखालून.

मुश्नी काही बोलत नाही. फळ्या उलट वळवतो.

दिवसभर तो उतार जागचा हलला नाही.
ऊन आलं, गेलं.
इर्मानं चीज भरून रोट्या थापल्या,
चौघांनी त्या खिडकीकडे बघत खाल्ल्या.
ल्युत्सिना म्हणाली, काहीच तर झालं नाही.
मुश्नीनं निम्मे पैसे परत दिले, मोजून.

शुक्रवारी रात्री केव्हातरी दरड आली.
कुणी पाहिली नाही.
सकाळी वाटेवर भूर्जाच्या फांद्या, साल सोललेल्या,
आणि बर्फ सिमेंटसारखा,
गाई अलीकडेच थांबलेल्या.

चौघे तोवर घरी पोचले असतील.
"कळवू त्यांना?" मी विचारलं.
मुश्नीनं दुसरं फावडं माझ्याकडे टाकलं.
"आधी गाईंचं बघ."