उपाशी गट

रोहूला पोट नसतं.
म्हणजे जठर नसतं; घशातून सरळ आतडं,
वेटोळ्यावर वेटोळं,
पट्टीवर ताणून धरलं तर माशाच्या दहापट भरलं.
मरळीचं आखूड, जाड, एकाच वळणाचं.
मांस खाणाऱ्याला फार लांब जावं लागत नाही.

हे मी शाबलोला सांगितलं
पिसुर्ल्याला, बंद खाणीच्या खड्ड्यावर,
जिथे आता साठ हात पाणी आहे
आणि आमचे पाच पिंजरे.
तो कोंडा नि पेंड कालवत होता, कोपरापर्यंत हात.
"पोट ना?" म्हणाला.
"मागीर भूक खंय लागता ताका?"

साखळीच्या प्रयोगशाळेत
आतडी बर्फावर ठेवली, काचेच्या खलात वाटली.
पिठाच्या पाण्यात आयोडीन: गर्द निळं.
त्यात रोहूचे दोन थेंब.
निळं उतरत गेलं, जांभळं, तांबूस,
शेवटी कोऱ्या चहाइतकं फिकट.
मरळीच्या नळीतलं निळं
हटता हटेना, जणू पाहुणीसारखं
अंगाला हात न लावता बसून राहिलं.
तिला दुधातलं प्रथिन दिलं
तेव्हा कुठे ती कामाला लागली.

तिसऱ्या पिंजऱ्यातल्या रोहूंना
आठ आठवडे सुकटाचा भुगा घातला.
अमायलेज उतरलं, ट्रिप्सिन चढलं.
आतडं तेच, लांबी तीच,
आत कामावर घेतलेली माणसं बदलली.

पाचवा पिंजरा: उपाशी गट.
दहा दिवस काही घालायचं नाही.
शाबलो होडी त्या बाजूने नेईचना,
लांबून वळसा घालायचा,
उगाच एक सिगारेट जास्त ओढायचा.

अकराव्या दिवशी चार मासे कापले.
आतडं रिकामं, पलीकडची कात्री दिसावी इतकं पातळ.
पित्ताशय मात्र टम्म, हिरवंगार.
आणि निळं उतरलं.
सावकाश, अर्धवट, पण उतरलं.
मी तीनदा मोजलं.
ज्याच्यात कोंड्याचा कणही आला नव्हता
त्या आतड्यात
कोंडा फोडणारं हजर होतं.

शाबलोचा ट्रक त्याच्या दारात उभा आहे, फणसाखाली.
खाण बंद झाली त्या वर्षापासून.
टायर मातीत रुतलेत, हौद्यात पानं कुजतात,
कडांना अजून तांबडी धूळ.
दर आयताराला तो इंजिन चालू करतो,
दहा मिनिटं, जागच्या जागी.
कोंबड्या पळतात. बायको दार लावून घेते.
"ना जाल्यार बॅटरी मरता," तो म्हणतो,
कुणी विचारलेलं नसताना.

मी त्याला आकडा सांगितला.
दशांश चिन्हानंतरचेही दोन्ही.
तो हसला नाही.
"वाट पळयता तो," एवढंच बोलला,
आणि मग, "उरिल्ल्यांक आतां घालूं?"

पिंजऱ्यात सव्वीस उरले होते.
आधी थोडंच घाल, मी म्हणाले,
एकदम सोसणार नाही,
चिमूटभर, शाबलो, चिमूटभर,
पण त्याची मूठ वर गेली होती
आणि ती उघडायच्या आधीच
खालचं पाणी फुटलं.