खालून

ताइनानच्या कारखान्यात माझी खोली काळी आहे.
भिंती काळ्या, छत काळं, माझा झगाही काळा,
नाहीतर कापडाचा उजेड काचेवर पडतो
आणि मोजमाप खोटं बोलतं.

मधोमध फिरतं टेबल, त्यावर पॅनेल.
पाच अंश. थांब. मोज.
दहा अंश. थांब. मोज.
समोरून पांढरा तो पांढराच;
साठाच्या पुढे त्याला कावीळ होते,
काळा विटतो, जुन्या गणवेशासारखा.
सत्तरीनंतर चेहरे ओळख देत नाहीत.
तरी खोक्यावर छापायचं: एकशे अठ्ठ्याहत्तर.
कारण नियम एवढंच विचारतो,
काळ्यापांढऱ्यात दहापट फरक उरला का?
उरला. सही: श्यू युए-हुआ.

पिंगतुंगच्या शुश्रूषागृहात आई पाचव्या मजल्यावर,
म्हणजे चौथ्याच; चारचं नाव तिथे कुणी काढत नाही.
पायाशी, भिंतीवर उंच, स्वस्तातला टीव्ही.
"बातम्यांच्या बाईचं तोंड काळं आहे," आई म्हणाली,
"केस पांढरे, आणि बुबुळांच्या जागी दिवे."
डॉक्टरांनी लिहून घेतलं: भास.
भावाने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.
टीव्ही तर नीट होता.
मी उभी होते ना त्याच्यासमोर.

तिसऱ्या रविवारी तिची गोळी घरंगळली.
मी गुडघ्यांवर, मग कोपरावर, हात पलंगाखाली.
मान वळवून वर पाहिलं:
तोंड काळं. केस पांढरे. दिवे.

काचेतले रेणू, आम्हीच पिळून उभे केलेले,
खालून पाहिलं की उलटी साक्ष देतात.
मला हे ठाऊक होतं.
एकवीस वर्षं पगार घेतलाय त्याचा.

सुलास्त्री, पूर्व जावाची, आईला सांभाळते,
रात्री पलंगाशेजारी चटईवर निजते.
"मलाही तशीच दिसते," ती म्हणाली,
"वाटलं, इथले टीव्ही असेच असतील."
मग टॉवेलची घडी घालत,
"मला कुणी विचारलं नाही."

स्टुलावर चढून टीव्हीच्या पाठीशी, वरच्या कडेला
जुनं मासिक दुमडून खोचलं. आणखी एक.
सुलास्त्री आईच्या उशीला गाल टेकून सांगत होती:
अजून. अजून. जरा मागे. बास.

आई बराच वेळ बघत राहिली.
"ही होय," म्हणाली, "ही तर साधीच आहे दिसायला."
जरा हिरमुसलीच.

सोमवारी खोलीतला दिवा मालवला.
टेबल फक्त डावीउजवीकडे फिरतं;
खालून मोजायचं तर पॅनेल काढून आडवं बसवावं लागतं.
बसवलं.
पन्नास अंश, खालून.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता,
समासात लिहिलं.