नियोजित

मालक सिल्वासाला गेला तेव्हा
गेटला कुलूप नव्हतं, नुसती साखळी.
आत तीन प्रेस, एक मिक्सिंग मिल, कटिंगचं टेबल
आणि आमचा सात महिन्यांचा पगार, न दिलेला.
शेवटी मिटलं: मशिनं घ्या, बोंब थांबवा.
बोंब थांबवली.
मशिनं काही बोलेनात.

कल्लाप्पा म्हणाला, सोसायटी करू.
मी म्हटलं, राहायची?
कामाची, म्हणाला.

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
नावावरून एक आख्खी संध्याकाळ गेली.
देवाचं नको, पुढाऱ्याचं तर नकोच,
पाडवीनं हळूच स्वतःच्या बापाचं सुचवून पाहिलं.
मग लिहिलं:
रबाळे रबर कामगार सहकारी संस्था मर्यादित,
आणि पुढे कंसात, नियोजित.
नियोजित म्हणजे काय गं? नजमुन्निसानं विचारलं.
पोटुशी, द्रौपदावहिनी म्हणाली.

दहा माणसं लागतात, दहा वेगळ्या घरांतली.
आम्ही अकरा होतो, छाती काढून गेलो.
खिडकीतल्या बाईंनी पेन फिरवला:
पाडवी नवराबायको, घर एक.
भोईर जावाजावा, घर एक.
चूल वेगळी आहे हो, वहिनी भांडली,
कपाळं फोडून वेगळी केलीय.
रेशनकार्ड? बाईंनी विचारलं.
उरलो नऊ.

दहाव्यासाठी दोन रविवार.
चहावाला नको म्हणाला, त्याला उधारीची भीती.
मग कुणीतरी कुडतरकरचं नाव घेतलं
आणि टेबलावर कुणीच हललं नाही.
कुडतरकर सुपरवायझर.
पाच मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट.
बाथरूमच्या दाराबाहेर घड्याळ धरून उभा राहणारा.
पण गंधक किती, काजळी किती,
रबर कधी शिजलं आणि कधी करपलं,
हे त्याच्या एकट्याच्या नाकात होतं.

आला. स्टूलावर बसला, खुर्ची मोकळी असून.
भागाचे हजार मोजले, पाच नोटा दोनशेच्या.
माझी मतं किती?
एक.
आणि झाडूवाल्या हिचं?
एक.
बराच वेळ नजमुन्निसाकडे पाहत राहिला.
मग ओरडायचं कुणावर?
ठराव मांडा, कल्लाप्पा म्हणाला, बहुमत झालं तर ओरडा.
हसला नाही. सही केली.
सहीखाली रेघ मारायची सवय तेवढी गेली नाही.

कागद वर गेलेत. अजून आलेले नाहीत.
काल प्रेस नुसती चालते का बघायला लावली.
पहिला गॅस्केट तिरका निघाला,
माझ्याच हातून.
मान खाली घालून उभी राहिले, जुन्या सवयीनं,
कोण कापणार, किती कापणार म्हणून.
कुडतरकरनं तुकडा उलटासुलटा करून पाहिला,
माल गेला चौदा रुपयांचा, म्हणाला,
आणि खिशातून एक रुपया चाळीस काढायला लागला.
चाळीस पैसे कुठून आणणार.
दीड ठेवला.

वहीत मी पहिली ओळ लिहिली:
तोटा, रुपये चौदा.
वरच्या नावापुढचा कंस
अजून मिटवलेला नाही.