सोमवारी, संग्रहालय बंद असताना

सोमवारी दारं बंद असतात.
पहारेकरी मला मागच्या बाजूनं आत घेतो,
गुडघा कसा आहे विचारतो,
आणि दिवे लावून निघून जातो.

तुमचं वाद्य दोरीपलीकडे उभं आहे.
शेजारी पाटी: हार्पसिकॉर्ड, अँटवर्प,
गोदेलीव्ह रोसब्रूक यांच्या वापरातलं.
वापरातलं.
जसा एखादा तवा असावा, किंवा छत्री.

मी दोरी ओलांडतो. एवढा हक्क आहे मला.
तारा उतरल्यात, हवेला ओल आहे,
नदी खिडकीपासून दोनशे पावलांवर.
किल्ली लावतो, पिळतो, कान देतो.

लोक विचारतात, असं काय होतं त्यांच्या हातात?
आता कसं सांगू.
या वाद्याला लहान-मोठा आवाज ठाऊकच नाही.
पट्टी कुरवाळा की तिच्यावर मूठ आपटा,
आतलं पिसाचं टोक तारेला तेवढंच छेडतं,
सोनाराच्या काट्यासारखं,
ना गुंजभर जास्त, ना गुंजभर कमी.
बाकीचे म्हणूनच भरभर वाजवत, लखलखाट करत.
तुम्ही उशीर करत होता.
केसभर उशीर.
उजवा हात डाव्याच्या मागून यायचा,
जिन्यात कुणी दम खायला थांबावं तसा,
आणि त्या थांबण्यात आम्हाला ऐकू यायची
एक कुजबुज, जी त्या लाकडात नव्हतीच.

युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात कोळसा संपला
तेव्हा तुम्ही खुर्च्या जाळल्या, मग पलंग,
मग वाद्याचे कोरीव पाय.
पेटी ठेवली हेरिंगच्या खोक्यांवर.
आई सांगायची, त्या वर्षी
गोदेलीव्हबाईंच्या मैफलीला मासळीचा वास यायचा
आणि कुणी नाकाला रुमाल लावला नाही.
रुमालांना त्या वर्षी दुसरी कामं होती.

मी नऊ वर्षांचा, माझं काम एकच: कावळ्यांची पिसं.
पहाटे धक्क्यावर जायचं, दोरखंडांच्या वेटोळ्यांतून वेचायची.
कबुतराचं नको, बदकाचं तर नकोच नको.
डाव्या पंखाची एका पिशवीत, उजव्याची दुसऱ्या,
दोन्हींचा बाक वेगळा.
वडील त्यांची टोकं कापत, नखाच्या कडेएवढी.
एकदा त्यांना ताप होता, म्हणून मी कापली.

विणकरांचं जुनं सभागृह त्या रात्री खचाखच.
तिसऱ्या पानावर मधला एक सूर मेला.
पट्टी खाली गेली, आणि काहीच नाही.
मी खांबामागे. कानशिलं पेटलेली.

तुम्ही थांबला नाहीत. त्याला वळसाही घातला नाहीत.
पुढच्या प्रत्येक फेरीत तीच पट्टी दाबलीत,
सावकाश, पूर्ण,
लाकडाचा टक् एवढाच आवाज,
आणि बाकीचे सूर त्याच्या आजूबाजूला सरकून बसले,
न परतलेल्याची खुर्ची मोकळी ठेवून
घरचे जेवायला बसतात तसे.
आमच्या गल्लीत तेव्हा अशा सात खुर्च्या होत्या.
आमच्या घरातली धरून.

मैफलीनंतर मी कबुली द्यायला आलो.
तुम्ही हातमोजे चढवत होता.
तुटकं टोक बोटावर घेतलंत, दिव्यासमोर धरलंत,
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
म्हणालात, "कावळा म्हातारा असावा."

आता टोकं प्लास्टिकची.
तुटत नाहीत, ओल धरत नाहीत,
संग्रहालयाच्या वहीत त्यांची पावती आहे.
एक सोडून.
मधल्या त्या पट्टीखाली काय बसवलंय
हे वहीला माहीत नाही, पहारेकऱ्यालाही नाही.
तो सूर बाकीच्यांपेक्षा जरा खरखरतो.
मी तो शेवटी जुळवतो,
आणि जुळल्यावर पुन्हा वाजवून बघत नाही.

दिवे मालवतो. धक्क्यावरून घरी.
वाटेत ओल्या दगडावर एक काळं पीस.
काठी टेकून वाकायला हल्ली उशीर होतो,
केसभर नाही, चांगलाच.
उचलतो, पँटला पुसतो, बोटांत फिरवतो.
डावा पंख.