तिसरा रांजण

इमेरेतीतल्या त्या गावात रांजण माणसाहून उंच,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
धुवायला मूलच उतरवावं लागतं आत,
त्या तोंडातून दुसरं कोण मावणार?

त्सिउरी सात वर्षांची. काखेखालून दोर,
हातात चेरीच्या सालीचा कुंचा,
आत गेल्या वर्षीच्या द्राक्षांचा आंबूस काळोख,
वर बशीएवढं आभाळ.
भीती वाटली म्हणून गुणगुणली,
तर एका सुरावर, फक्त एका,
भिंतही गुणगुणली तिच्यासोबत.
त्याच्या वरच्यावर नाही, खालच्यावर नाही.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, तोच का?
ओतिया मातीची वळी चढवत होता.
मान न उचलता म्हणाला, "रांजणाला विचार."

असली उत्तरं पोरांना गप्प करायला असतात.
हिनं ते शब्दशः घेतलं.

गणिताच्या वहीत मागून पानं भरू लागली:
बेसोच्या तळघरातला. खांदा रुंद, सूर घोगरा.
शाळेजवळचा. तडा आहे, बोलत नाही.
चर्चमागचा. सूर फार चढा.
पण अर्धा भरलेला होता. मोजू नये.

पंधराव्या वर्षी बापानं तिच्या हातात माती दिली.
दिवसाला चार बोटं, मग थांबायचं.
जास्त चढवलं की खालचं ओलं अंग
बसकण मारतं, थकल्या बैलासारखं.
घाई करायच्या जेवढ्या रीती असतात
त्या सगळ्या ओतियानं तिला करून बघू दिल्या.

मग बरीच वर्षं वही उघडलीच नाही.
कुताइसीत पाव विकले, वीज नसलेल्या हिवाळ्यांत
मुलाला कोटासकट निजवलं.
पीठ फुगत ठेवलेल्या भांड्यावर
ती टिचकी मारायची आणि कान लावायची.
हे तिच्या लक्षात नाही. मुलाच्या आहे.

बावन्नाव्या वर्षी परत आली
आणि म्हणाली, तीन रांजण करीन.
तिकडे जेवणाच्या टेबलावर गाणं तीन गळ्यांचं असतं,
तसे तीन. एकमेकांत मिसळणारे.
गेरोन्ती शेजारी हसून हसून ठसकला:
"वाइनला कान असतात होय?"

पहिल्या वर्षी भट्टीतून खापरं निघाली.
दुसऱ्या वर्षी पावसानं माती वाळूच दिली नाही.
तिसऱ्या वर्षी तिनं काहीच केलं नाही,
नुसती खांद्याच्या गोलाईकडे बघत बसली,
आणि सून म्हणाली, आई आळशी झाल्या.

चौथ्या वर्षी दोन जमले.
तिसरा खाली बोलत होता. थोडासाच,
पण गाणाऱ्याला तेवढं पुरतं.
तिनं त्याला शिवी दिली नाही. मेण लावलं आतून,
म्हटलं, निदान गळतो का बघू,
आणि विहिरीचं पाणी ओतायला घेतलं.
सवयीनं गुणगुणत होती, बादलीमागून बादली.

नवव्या बादलीला
रांजण उठून उभा राहिला तिच्या आवाजात.

पाणी तसंच टाकून ती घरात धावली, ट्रंकेत शोधलं.
उंदरांनी कोपरे खाल्लेली वही,
सात वर्षांच्या हाताची वेडीवाकडी ओळ:
अर्धा भरलेला होता. मोजू नये.
पेन्सिल घेतली
आणि 'नये' तेवढं खोडलं.

आता नातू गुडघ्यांवर बसून रांजणात डोकावतोय.
पाण्याच्या जागी यंदाचा रस आहे, फसफसणारा.
"आजी, हा आंबत गेला
की सूरही बदलत जाईल?"

ओतियाचं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं.
तिनं ते गिळलं,
पोराशेजारी मातीत बसली
आणि म्हणाली, "मला माहीत नाही रे."

झाकण वसंतात उघडतात.
अजून नोव्हेंबर आहे.